पाटीच चोरी वाढवते तेव्हा

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात पेट्रिफाइड फॉरेस्ट नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी दगड झालेली झाडं तिथे उघड्यावर पडलेली असतात. खिशात मावणारा रंगीत तुकडा दिसला की पर्यटकांचे हात शिवशिवतात.

मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी तिथल्या वाटांवर खूण केलेले तुकडे ठेवले आणि पाट्या बदलून पाहिल्या. एका पाटीचा आशय होता, ‘आजवर अनेकांनी लाकूड नेल्यामुळे जंगलाचं रूप बदललं आहे.’ दुसरीवर साधी विनंती, ‘कृपया नेऊ नका.’ पहिल्या पाटीच्या वाटेवरून जवळपास 8 टक्के तुकडे गेले, दुसरीच्या वाटेवरून 2 टक्क्यांहूनही कमी!

गंमत म्हणजे पहिली पाटी खोटं बोलत नव्हती. वाचणाऱ्याने त्यातली हळहळ बाजूला ठेवली आणि ‘सगळेच नेतात’ एवढंच उचललं.

इतरांसारखं वागण्याची हीच ओढ भल्यासाठीही वापरता येते. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, पर्यावरणाचं नेहमीचं आवाहन करण्याऐवजी ‘बहुतेक पाहुणे टॉवेल पुन्हा वापरतात’ असं हॉटेलातल्या कार्डावर छापलं. पुनर्वापर सुमारे 35 टक्क्यांवरून 44 टक्क्यांवर गेला.

मेख आहे ती ‘बहुतेक’ या शब्दात. तो खरा असेल तर ती माहिती, नसेल तर निव्वळ थाप. ऑनलाइन खरेदीत अशा थापा सर्रास चालतात. भारताच्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2023 मध्ये 13 फसव्या क्लृप्त्यांना मनाई केली. वस्तूची खोटी लोकप्रियता दाखवून ग्राहकाला घाई करायला लावणं त्यांतच मोडतं.