बांधावरची एरंडी आणि मित्र कोळी

बोदवडच्या शिवारात कपाशीच्या कडेने लावलेली एरंडी शेतकऱ्याला परकी नाही. पाने खाणारी तंबाखूवरील अळी कपाशीऐवजी तिच्याकडे वळावी, म्हणून सापळा पीक म्हणून तिची शिफारस होते. याच एरंडीच्या परागकणांवर पिकाचा आणखी एक मित्र पोसता येतो: परभक्षी कोळी.

हा आठ पायांचा जीव जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असतो. त्याचे भक्ष्य म्हणजे पानाच्या खालच्या बाजूने रस शोषणारा लाल कोळी. ऊन तापले, पावसाने ताण दिला, की लाल कोळ्याची एक पिढी आठ-दहा दिवसांत तयार होते. सिंथेटिक पायरेथ्रॉइड फवारले, तर परभक्षी आधी मरतात आणि लाल कोळी उलट फोफावतो.

परभक्षी वाढवायचे, तर आधी झाडे, मग झाडांवर कीड आणि शेवटी ते, असा खटाटोप करावा लागतो. शिवाय फायटोसियुलस पर्सिमिलिससारखी जात लाल कोळ्यांवरच जगते. कीड संपली की तिची उपासमार होते. अँब्लिसियस स्विर्स्की मात्र पांढरी माशी आणि फुलकिडे खातोच, पण नुसत्या परागकणांवरही अंडी घालतो. त्यामुळे कीड येण्याआधीच त्याला पिकात वसवता येते. हरितगृहातल्या ढोबळी मिरचीत त्याला फुलांतच पराग मिळतात. परागीभवनाशिवाय फळणाऱ्या काकडीवर मात्र पाणकणसाचे पराग भुरभुरावे लागतात.

नेदरलँड्समध्ये १९९०च्या दशकात ढोबळी मिरचीच्या हरितगृहात एरंडीची झाडे ठेवून, त्यांच्या परागांवर फुलकिडे खाणारे परभक्षी कोळी वाढवले गेले.

अर्थात, सगळेच पराग सारखे पोषक नसतात. पाइनचे पराग या कामी फारसे उपयोगी पडत नाहीत. फुलकिडेही पराग खातात, म्हणून कोणता पराग द्यायचा हे पारखूनच ठरवावे लागते. आपल्याकडचा निओसियुलस लाँजिस्पिनोसस तर मुख्यतः लाल कोळ्यांवरच वाढतो. त्याला परागांचा आधार पुरणार नाही.

म्हणून हरितगृहातले तंत्र जसेच्या तसे उघड्या कपाशीत उतरवता येणार नाही. खानदेशातल्या कपाशीवर कोणते परभक्षी आहेत, त्यांतले कोणते एरंडीच्या किंवा मक्याच्या परागांवर तगतात, याच्या चाचण्या इथल्याच शेतांत व्हायला हव्यात. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ आणि जळगावचे तेलबिया संशोधन केंद्र यांना हे काम जवळचे आहे. तोवर शेतकऱ्याने एवढे जरूर करावे: फवारणीआधी भिंगाने पान उलटून पाहावे आणि गरज नसताना पायरेथ्रॉइड टाळावे. मित्र कोळी शेतात जिवंत राहिले, तरच त्यांना पराग पुरवण्याला अर्थ आहे.