चिंता आणि श्वास

येडगांवच्या धरणाकांठचा शेतकरी उन्हाळ्यांत कुकडीचें आटतें पाणी पाहतो, तेव्हां पीक उभेंच असतें. पण त्याचा श्वास आधींच अडखळूं लागतो. चित्त विक्षिप्त झालें कीं दुःख, खिन्नता, अंगकंप आणि श्वासाची विषमता हीं त्याच्या सोबतीनें येतात, असें पतंजलींच्या योगसूत्रांचा पहिला पाद सांगतो. अर्थात् चिंता मनापुरती राहत नाहीं, देहांतहि उतरते. म्हणून तिच्या निवारणाचा एक मार्ग सावकाश सोडलेल्या आणि आवरून धरलेल्या श्वासांतून जातो. अशा क्रियांच्या शास्त्रीय अभ्यासासाठीं स्वामी कुवलयानंदांनीं १९२४ सालीं पुणें जिल्ह्यांतच, लोणावळ्यास, कैवल्यधाम स्थापिलें. श्वास आवरल्यानें धरण भरत नाहीं, हें खरें. परंतु उरलेलें पाणी कसें पुरवावें, हें ठरविण्याइतकें मन स्थिर होऊं शकतें.