गवत सोडून बाकी सगळं

गार्डन ट्रॅक्टरचा भरभराटीचा काळ जेमतेम पंचवीस वर्षांचा. १९६० च्या आसपास तो सुरू झाला आणि १९८० च्या दशकात आटोपला. त्या काळात घडवलेले ट्रॅक्टर मात्र आटोपायचं नाव घेत नाहीत. अमेरिकेतल्या ओहायो, इंडियाना, विस्कॉन्सिन या पट्ट्यात एखादं जुनं घर विकायला निघालं की मागच्या शेडमध्ये, ताडपत्रीखाली, एखादा हमखास निघतो. टायर बसलेले, सीट उंदरांनी कुरतडलेली आणि बॉनेटवर पन्नास वर्षांपूर्वीचा लाल, पिवळा नाहीतर हिरवा रंग. घरच्या मुलांना तो नको असतो. मग काहीशे डॉलरला, कधी ‘घेऊन जा एकदाचा’ या बोलीवर, तो दुसऱ्याच्या ट्रेलरवर चढतो. अपार्टमेंट सोडून एकर-दीड एकराच्या घरात आलेले आमच्यासारखे काही मराठी लोकही या ट्रेलरवाल्यांत आहेत. बहुतेक जण घरी आणल्या आणल्या त्याला गवत कापायला जुंपतात. माझा वाद आहे तो तेवढ्याच मुद्द्यावर.

दुसरं महायुद्ध संपलं, सैनिक घरी परतले आणि शहरांबाहेर घरांच्या वसाहती उभ्या राहू लागल्या. न्यूयॉर्कजवळची लेव्हिटाउन १९४७ ची. तिथले प्लॉट साठ फूट बाय शंभर फूट, त्यामुळे हाताने ढकलायचं मशीन पुरत होतं. पण शहरापासून आणखी लांब, जिथे मक्याची शेतं तुकडे पाडून विकली जात होती, तिथे एकेकाच्या वाट्याला एक-दोन एकर येत. मालक कारखान्यात नाहीतर कचेरीत नोकरीला, पण बाप किंवा आजा शेतकरी. घरामागे बटाटे, मका, टोमॅटो लावायची हौसही होती आणि सवयही. एवढ्या जमिनीला घोडा पोसायचा तर परवडत नाही आणि मोठा ट्रॅक्टर घ्यावा तर तो वळवायला जागा नाही. हीच फट काही लोकांनी हेरली.

इंडियानातल्या साउथ बेंडमध्ये सेसिल पाँड आणि त्याचे वडील एल्मर यांनी १९४६ मध्ये घरच्या गॅरेजात छोटे ट्रॅक्टर बनवायला सुरुवात केली. ‘पाँड’ या नावाने ते विकता येईनात, कारण काकाही याच धंद्यात होता. म्हणून ‘व्हील हॉर्स’ हे नाव आलं. घरातल्या घरातली ही स्पर्धा आपल्याकडच्या कुठल्याही बाजारपेठेत शोभली असती. मोठ्या कंपन्या जाग्या झाल्या त्या नंतर. इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९६१ चं मॉडेल म्हणून ‘कब कॅडेट’ आणला. इंजिन सात हॉर्सपॉवरचं, पण गिअरबॉक्स आणि मागचा धुरा कंपनीच्याच ‘फारमॉल कब’ या खऱ्याखुऱ्या शेती ट्रॅक्टरच्या घराण्यातला. पहिल्या तीन वर्षांत असे सुमारे ६५ हजार ट्रॅक्टर बनले. १९६३ मध्ये जॉन डिअरने ११० नंबरचं मॉडेल काढलं. १९६४ मध्ये केस कंपनीने विस्कॉन्सिनमधली कोल्ट ही छोटी कंपनी विकत घेतली आणि हायड्रॉलिकवर चालणारे ट्रॅक्टर आणले. १९६९ मध्ये तर जॉन डिअरने पांढऱ्या ट्रॅक्टरवर लाल, नारिंगी, पिवळी आणि निळी बॉनेटं चढवली. बायकांना रंग आवडतील हा त्यामागचा हिशेब. तो साफ चुकला. आज मात्र त्याच न खपलेल्या रंगांसाठी संग्राहक जास्तीचे पैसे मोजतात.

यांतल्या बऱ्याच ट्रॅक्टरांचं इंजिन एकाच घरचं होतं, ते म्हणजे कोहलर. आपण कोहलरला ओळखतो ते बाथरूममधल्या नळांमुळे, पण विस्कॉन्सिनमधल्या त्याच कंपनीची के-सिरीजची बिडाची, एका सिलिंडरची इंजिनं कब कॅडेट, व्हील हॉर्स आणि जॉन डिअर या तिन्ही कंपन्यांच्या बॉनेटखाली सापडतात. आज पन्नास-साठ वर्षांनी ट्रॅक्टर पुन्हा चालू होतो त्याचं निम्मं श्रेय या योगायोगाला आहे. लाल, पिवळ्या आणि हिरव्या मंडळींना एकच गॅस्केट आणि ठिणगीची वेळ साधणारे एकच पॉइंट लागत असल्याने सुटे भाग बनवणं अजून परवडतं.

पुढे जे झालं ते थोडक्यात सांगतो. इंटरनॅशनल हार्वेस्टरमध्ये १९७९ च्या नोव्हेंबरात संप झाला, तो जवळजवळ सहा महिने चालला. कंपनी कर्जात बुडाली आणि १९८१ मध्ये कब कॅडेट एमटीडी या कंपनीला विकला गेला. व्हील हॉर्स आधी अमेरिकन मोटर्सकडे होता, १९८६ मध्ये टोरो कंपनीकडे गेला आणि २००७ नंतर ते नावही बंद झालं. दरम्यान ग्राहक बदलला होता. परसातला भाजीचा तुकडा गेला आणि तिथेही हिरवळ आली. क्रिस्टिना मिलेसी या शास्त्रज्ञ बाईंनी २००५ मध्ये उपग्रहाच्या चित्रांवरून अंदाज बांधला, की अमेरिकेत हिरवळीखाली सुमारे १ लाख ६३ हजार चौरस किलोमीटर जमीन आहे. म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून जास्त. एवढं गवत नुसतं कापायचं असेल तर नांगर ओढणारा ट्रॅक्टर कशाला हवा? मोठ्या दुकानांत मिळू लागलेला लॉन ट्रॅक्टर पुरतो. तो दिसतो तसाच, पण पत्रा पातळ, मागचा धुरा हलका. जमिनीत फाळ घालून ओढायला लावलात तर त्याची गिअरबॉक्स लवकरच मान टाकते. म्हणून जुनं काही घेताना बॉनेटपेक्षा मागची बाजू आधी बघावी.

शेडमधून निघून कामाला लागलेल्या सगळ्या गार्डन ट्रॅक्टरांत एकाचंच नाव झालं. १९९४ च्या जुलैमध्ये आयोवातल्या लॉरेन्स गावातून ७३ वर्षांचे ॲल्व्हिन स्ट्रेट १९६६ च्या जॉन डिअरवर बसून निघाले. मागे ट्रेलर. विस्कॉन्सिनमधल्या भावाला पक्षाघात झाला होता. यांची नजर अधू, गाडी चालवायचा परवाना नाही आणि दुसऱ्याने गाडीतून नेलेलं पसंत नाही. अंतर २४० मैल, वेग ताशी पाच मैल. वाटेत इंजिन बंद पडलं, दुरुस्ती झाली. पैसे संपले तेव्हा पेन्शनचा चेक येईपर्यंत मुक्काम पडला. ऑगस्टच्या मध्याला भावाचं घर दोन मैलांवर असताना ट्रॅक्टर पुन्हा बसला आणि एका शेतकऱ्याने ढकलायला हात लावला. यावर डेव्हिड लिंचने १९९९ मध्ये ‘द स्ट्रेट स्टोरी’ हा सिनेमा काढला. लोकांना त्यात भावाभावांचं प्रेम दिसतं, मलाही दिसतं. पण तेव्हा अठ्ठावीस वर्षांचं असलेलं ते मशीन रस्त्याच्या कडेला उघडून पुन्हा चालू करता आलं, हे मला तितकंच महत्त्वाचं वाटतं.

कारण हे इंजिन उघडायला खरोखरच सोपं आहे. बरीच वर्षं पडून असलेला ट्रॅक्टर घरी आला की पहिल्या दिवशी स्टार्टर मारायचा नाही. प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडायचं, रात्रभर ठेवायचं आणि सकाळी हाताने फिरवून बघायचं. फिरलं तर अर्धी लढाई जिंकली. मग इंजिनावरचं पत्र्याचं आवरण काढायचं. ही पायरी लोक टाळतात आणि पस्तावतात. आत थंडाव्यासाठी असलेल्या बिडाच्या पाकळ्यांमध्ये उंदरांनी गवत, कापूस, सीटमधला फोम कोंबून घर केलेलं असतं. ते तसंच राहिलं तर इंजिन छान सुरू होतं आणि तासाभरात तापून आवळतं.

टाकीतलं जुनं पेट्रोल वासावरूनच कळतं, त्याला व्हार्निशसारखा उग्र दर्प येतो. ते टाकून द्यायचं, रबरी नळी नवी घालायची आणि कार्ब्युरेटरची वाटी खोलून तिच्यातला चिकट थर काढायचा. अमेरिकेत बहुतेक पंपांवर मिळतं ते दहा टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. ते पाणी शोषून घेतं आणि जुन्या रबराला सोसत नाही. भारतात वीस टक्के इथेनॉलवरून वाद झाला, तेव्हा जुन्या स्कूटरवाल्यांची तक्रार मला फार ओळखीची वाटली. शक्य असेल तिथे बिनइथेनॉलचं पेट्रोल घ्यावं. ते महाग पडतं, पण या इंजिनाला लागतं तरी किती?

मग पॉइंट. कोहलरच्या या इंजिनात ते आत कुठे दडलेले नाहीत. बाहेरच्या अंगाला छोटं झाकण असतं, स्क्रू काढले की पॉइंट समोर. वर्षानुवर्षं बसून त्यांच्या टोकांवर करडी बुरशी धरते. पॉलिश पेपरची बारीक पट्टी दोनदा ओढायची, इंजिन फिरवून पॉइंट पूर्ण उघडायचे आणि फीलर गेजने फट इंचाच्या वीस हजारांशाला, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरला लावायची. गेजचं पातं किंचित घासत सरकलं पाहिजे. अडलं किंवा सैल गेलं तर पुन्हा. ज्यांनी वडिलांना रविवारी सकाळी लँब्रेटाचे पॉइंट घासताना पाहिलंय, त्यांना हे शिकवावं लागत नाही. प्लग सिलिंडरच्या हेडला टेकवून निळी ठिणगी दिसली की घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवावीशी वाटते. घरातले येत नाहीत, हा भाग वेगळा.

बऱ्याच मॉडेलांत स्टार्टर आणि जनरेटर एकच असतो. इंजिनाच्या कडेला पट्ट्यावर बसवलेला तो डबा आधी इंजिनाला फिरवतो आणि ते सुरू झालं की स्वतः फिरून बॅटरी भरतो. पट्टा सैल असेल तर तो दोन्ही कामं वाईट करतो, आणि लोक उगाच नवी बॅटरी आणतात. तेल मात्र दर वेळी बघायचं. या इंजिनात तेलाचा पंप नाही की फिल्टर नाही, कनेक्टिंग रॉडचं टोक तेल उडवतं तेवढंच वंगण. पातळी खाली गेली किंवा ट्रॅक्टर फार उतारावर तिरका चालवला, की संपलं.

आता काम. एप्रिल-मेमध्ये मागे दहा इंची नांगर लावायचा. असे नांगर आणि ते जोडायची पद्धत यांसाठी ब्रिन्ली हे १८३९ पासूनचं नाव प्रसिद्ध आहे. चाकांना वजनं बांधायची. पहिलं तास पडलं की उजवी चाकं त्या तासात घालून पुढचं. आठ-दहा हॉर्सपॉवरमध्ये हे होतं का? होतं, सावकाश. नाशिकच्या द्राक्षबागेत दोन ओळींमधून पंधरा हॉर्सपॉवरचा मिनी ट्रॅक्टर फिरतो त्याच्याशी तुलना करू नये, त्याच्यावर कुटुंबाचं पोट असतं. इथे मेथी, भेंडी आणि दुधीपुरती जमीन भुसभुशीत करायची आहे. शरद ऋतूत मागे डंप कार्ट जोडून पानांचे ढीग, सरपण, माती, दगड. ज्या माणसाने एकदा दीड एकरातली पानं घमेल्याने वाहिली, त्याला कार्टची किंमत सांगावी लागत नाही.

आणि हिवाळा. रात्री आठ इंच बर्फ पडतं. सकाळी नगरपालिकेचा ट्रक रस्ता साफ करत जातो आणि जाता जाता आपल्या ड्राइव्ह वेच्या तोंडाशी घट्ट, दगडासारखा बांध घालून जातो. हा बांध फावड्याने फोडताना कंबर जाते, आणि हलक्या लॉन ट्रॅक्टरची चाकं जागच्या जागी फिरतात. पुढे लोखंडी पातं, मागच्या चाकांना साखळ्या आणि मूळचं तीनेकशे किलोंचं वजन असलेला जुना ट्रॅक्टर तो बांध दोन-तीन धडकांत बाजूला सारतो. या मशीनचा सगळा पैसा त्या एका सकाळी वसूल होतो.

गवताचं मात्र तसं नाही. ओल्या वसंतात हे वजन हिरवळीत चाकोऱ्या पाडतं. कापायचा वेगही नव्या मशीनपेक्षा कमी. आणि धोका आहे तो वेगळाच. चालक सीटवरून उठला की इंजिन बंद करणारं बटण या जुन्या ट्रॅक्टरांत बहुधा नसतं. माणूस पडला तरी खालची पाती फिरतच राहतात. हाताने ढकलायच्या मशीनची मूठ सुटली की पातं तीन सेकंदांत थांबलं पाहिजे, हा नियम अमेरिकेत १९८२ मध्ये आला. आपला ट्रॅक्टर त्याच्याही आधीचा. रिव्हर्स घेताना मागे मूल असण्याचे अपघात याच यंत्रांवर होत आले आहेत. नातवंडाला मांडीवर बसवून गवत कापायचा फोटो कितीही गोड येवो, काढू नये.

दुरुस्तीच्या बाबतीत पूर्वीचं सगळंच चांगलं होतं असं नाही. पण १९६३ चं ११० मॉडेल काढणाऱ्या त्याच जॉन डिअरवर, आजच्या शेती ट्रॅक्टरांची दुरुस्ती शेतकऱ्याला स्वतः करू देत नाही म्हणून, अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २०२५ मध्ये खटला भरला. कोलोरॅडोने तर २०२३ मध्येच शेती यंत्रांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. आमच्या शेडमधल्या म्हाताऱ्याला असला कायदा लागत नाही, फीलर गेज आणि पान्यांचा एक संच पुरतो.

तेव्हा कुणाला घ्यायचाच असेल तर मार्च संपताना बघा, त्या सुमारास बर्फाची पाती लोकांच्या डोळ्यांत खुपू लागलेली असतात. पातं, साखळ्या, नांगर सोबत देणारा दोनशे डॉलर जास्त मागत असेल तर कुरकुर न करता द्या. नुसता ट्रॅक्टर फुकट मिळाला तरी ही अवजारं नंतर शोधण्यात त्याहून जास्त जातात. गिअरबॉक्सचं तेल दुधासारखं पांढरट दिसलं तर आत पाणी गेलंय, ते धरून भाव करा. आणि गवत कापायचा डेक सोबत आलाच, तर तो शेडच्या भिंतीला टेकवून ठेवा आणि गवतासाठी एक साधं बॅटरीवरचं मशीन घ्या.