कोळशाच्या जिल्ह्यात साठवणीचा प्रश्न

चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट. दुर्गापूर, पद्मापूरच्या खाणी हाकेच्या अंतरावर म्हणून ते इथे उभे राहिले. लागेल तेव्हा जाळायला आवारात कोळशाचे ढीग तयार असतात. हे ढीग म्हणजे साठवणच, कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या अरण्यांनी जमा केलेले ऊन. म्हणूनच खाणींच्या महाराष्ट्राला वीज वेगळी साठवण्याची निकड फारशी भासली नाही. सौरऊर्जा वाढल्यावर ती भासू लागली आहे, कारण उन्हाचा ढीग करून ठेवता येत नाही. अशा वेळी नवे कोळसा-संच मंजूर करण्याआधी साठवणीची केंद्रे उभारावीत आणि त्यांतली पहिली चंद्रपुरात असावीत.

त्याला आधार आहे. सौर वीज दुपारी मुबलक असते, मागणीचा जोर सूर्यास्तानंतर असतो. औष्णिक संच दुपारी खाली आणि संध्याकाळी वर नेणे सोपे नाही. थंड पडलेला बॉयलर तापायला तास लागतात आणि वारंवार तापण्या-निवण्याने नळ्या झिजतात. बॅटरी मात्र क्षणात वीज घेते आणि क्षणात देते. तिला लागणारी जागा, रोहित्रे, वाहिन्या चंद्रपुरात आहेतच. २१० मेगावॅटचे पहिले दोन संच निवृत्त झाले आहेत. इथून भिवंडीजवळच्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटरची, १५०० मेगावॅट वाहून नेणारी उच्चदाब दिष्टप्रवाह वाहिनी जाते. इतकी तयारी दुसरीकडे नव्याने करायची तर जंगल तोडावे लागेल.

कोळशाची वीज हमखास मिळते, असा आक्षेप येईल. पण कोळशाला पाणीही लागते. २०१० च्या उन्हाळ्यात इरई धरण आटले तेव्हा याच केंद्रातले संच बंद ठेवावे लागले. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: बॅटरी काही तासच पुरते, पावसाळी आभाळ आठवडाभर टिकते. हे खरे आहे, म्हणून आजचे संच काही काळ लागतीलच. बंद खाणीत पाणी वर चढवून पुन्हा खाली सोडण्याचा उपायही सुचवला जातो. पण १० लाख घनमीटर पाणी १०० मीटर उतरले, तर जेमतेम अडीच लाख युनिट मिळतात, म्हणजे ५०० मेगावॅटच्या एका संचाचे अर्ध्या तासाचे काम. घाटघरच्या २५० मेगावॅट प्रकल्पाला सह्याद्रीचा कडा लाभला आहे, वर्धा खोऱ्याला तो नाही. इथे आधी बॅटरीच हवी.

गडचिरोलीची गरज वेगळी आहे. वाघांच्या मुलुखात रात्रीच्या विजेवर ओलित करणे जिवावर बेतते. तिथली सर्वांत स्वस्त साठवण म्हणजे पाणी. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून दिवसा वीज मिळाली, तर पंप दुपारी चालेल, बोडी भरेल आणि धानाला हवे तेव्हा पाणी देता येईल. त्यासाठी एकही बॅटरी लागत नाही.

राहतो रोजगाराचा प्रश्न. साठवण केंद्राला खाणीइतकी माणसे लागत नाहीत, हे मान्य केलेच पाहिजे. म्हणून कामगारांचे प्रशिक्षण आणि खाणींच्या जमिनीचे पुनर्वसन यांचा खर्च प्रकल्पाच्या किमतीतच धरावा. दशकानुदशके राख आणि धूर सोसून चंद्रपूरने राज्याला वीज दिली. नव्या व्यवस्थेतली पहिली गुंतवणूक त्याच्या वाट्याला येणे हा त्याचा हक्क आहे.