संगणकाचा ताप आणि पंख्याचे फेरे

मे महिन्यात जालना जिल्ह्यात दुपारचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या पुढे जाणे नवलाचे नाही. पत्र्याच्या छपराखालच्या खोलीत तर ते आणखी चढते. याच दिवसांत शाळांना सुटी असते आणि ज्यांच्याकडे गेम खेळण्याचा संगणक आहे अशी मुले त्यापुढे तासन्तास बसतात. मग शाळा उघडल्यावर एखादा विद्यार्थी विचारतो, "सर, गेम खेळताना माझं ग्राफिक्स कार्ड ८२ अंशांवर जातं. ते जळेल का?"

घरच्यांनी पैसे साठवून घेतलेल्या वस्तूबद्दलचा हा प्रश्न आहे, तेव्हा तो हसण्यावारी नेऊ नये. त्याचे उत्तर शोधताना उष्णता, विद्युत आणि चुंबकत्व ही पाठ्यपुस्तकातील तिन्ही प्रकरणे उपयोगी पडतात.

उष्णता किती आणि ती जाते कोठे?

गेममधील चित्र सेकंदाला ६० किंवा त्याहून अधिक वेळा नव्याने रेखाटावे लागते. हे काम करणाऱ्या चिपमध्ये अब्जावधी ट्रान्झिस्टर सतत चालू-बंद होत असतात. त्यासाठी लागणारी जवळजवळ सर्व वीज शेवटी उष्णतेत रूपांतरित होते. उदाहरणार्थ, २०२१ साली बाजारात आलेल्या 'जीफोर्स आरटीएक्स ३०६०' या कार्डाची वीज १७० वॉट आहे, म्हणजे छताच्या दोन जुन्या पंख्यांपेक्षा थोडी जास्तच. यातील मोठा वाटा पोस्टाच्या तिकिटाहून लहान अशा एका चिपमध्ये खर्च होतो. एवढ्याशा जागेत निर्माण झालेली उष्णता तेथेच राहिली, तर चिप काही क्षणांत निकामी होईल.

म्हणून चिपला चिकटून धातूचा ठोकळा असतो, त्याला अॅल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांची रांग जोडलेली असते आणि त्या पट्ट्यांमधून पंखे हवा ढकलतात. किती हवा लागेल? १७० वॉट उष्णता वाहून नेताना हवा १० अंशांनीच तापावी असे ठरवले, तर हवेच्या विशिष्ट उष्णतेवरून हिशेब करता येतो. मे महिन्यातील तापलेल्या, विरळ हवेसाठी उत्तर येते सेकंदाला सुमारे १६ लिटर. म्हणजे दर सेकंदाला एक बादलीभर हवा! संगणक भिंतीला खेटून किंवा कपाटात ठेवला तर काय होईल, हे विद्यार्थ्यांना आता सांगावे लागणार नाही.

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत हेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर वापरलेले दिसते. तेथील पोलाद कारखान्यांत प्रवर्तन भट्ट्यांमध्ये भंगार वितळवतात. आतील पोलाद सुमारे १६०० अंशांवर असते, तर भट्टीभोवतीचे वेटोळे तांब्याचे, आणि तांबे १०८५ अंशांवर वितळते. तरीही वेटोळे टिकते, कारण ते पोकळ नळीचे असते व आतून सतत पाणी वाहते. अशा भट्टीत पाण्याचे तापमान आणि पाण्याचा प्रवाह या दोन्हींवर लक्ष ठेवावे लागते. नुसत्या तापमानावरून पुरेसे कळत नाही. ग्राफिक्स कार्डातही पाण्याच्या जागी हवा आहे, एवढाच फरक.

चिपमधला तापमापक

चिपच्या आत पारा किंवा अल्कोहोल नसते. तेथे तापमान मोजण्यासाठी डायोडचा उपयोग करतात. सिलिकॉनच्या डायोडमधून ठरावीक प्रवाह सोडला, तर त्याच्या दोन टोकांतील विभवांतर तापमान वाढेल तसे घटते; दर अंशाला साधारण २ मिलिव्होल्टने. हे विभवांतर मोजून त्याचे अंशांत रूपांतर करतात.

हा प्रयोग वर्गात सहज करता येतो. एक साधा सिलिकॉन डायोड आणि स्वस्तातला डिजिटल मल्टिमीटर घ्या. मीटरचा खटका डायोड तपासण्याच्या खुणेवर ठेवा व डायोड जोडा. पडद्यावर ६०० च्या आसपास आकडा दिसेल. तो मिलिव्होल्टमध्ये असतो. आकडा आला नाही तर डायोडची टोके उलटी करा. आता डायोड प्लॅस्टिकच्या पातळ पिशवीत घालून आधी माठातील पाण्यात व नंतर गरम पाण्यात बुडवा. दोन्ही वेळी पाण्याचे तापमान प्रयोगशाळेतील तापमापकाने मोजा. पाच-सहा वाचने घेऊन आलेख काढला की जवळजवळ सरळ रेषा मिळते. मुलांनी स्वतःच एक तापमापक तयार केलेला असतो.

फेरे कसे मोजतात?

पंख्याच्या मध्यभागी एक वलयाकार चुंबक असतो आणि त्याच्याजवळ 'हॉल' संवेदक. एडविन हॉल यांनी १८७९ साली शोधलेल्या परिणामावर तो चालतो. प्रवाह वाहणाऱ्या पट्टीजवळ चुंबकीय क्षेत्र आले की पट्टीच्या आडव्या बाजूंमध्ये विभवांतर निर्माण होते. पंखा फिरताना चुंबकाचे ध्रुव आळीपाळीने समोर येतात. संगणकाच्या बहुतेक पंख्यांत एका फेऱ्याला दोन स्पंद मिळतात. सेकंदाला ६० स्पंद आले तर फेरे ३०, म्हणजे मिनिटाला १८००.

वेग कमी-जास्त करण्यासाठी पंख्याला विजेचे अतिशय जलद झटके देतात. सायकल चालवताना थोडे पायडल मारावे, थोडे सोडून द्यावे, तसे हे आहे. झटक्यातील चालू वेळेचे प्रमाण म्हणजे पडद्यावर दिसणारी टक्केवारी.

येथे एक फरक नीट ध्यानात घ्यावा. पंख्याची टक्केवारी हा हुकूम आहे, तर मिनिटाचे फेरे हे मोजमाप आहे. 'पंखा ८० टक्के' असे दिसले म्हणजे पंखा फिरतो आहेच असे नाही. त्यात वायर अडकली असेल, तरीही टक्केवारी ८० च दिसेल. आणखी पुढचे म्हणजे, फेरे मोजले जातात, हवा नव्हे. पट्ट्यांमध्ये धूळ व सरकीच्या कापसाचे तंतू दाटले, तर पंखा पूर्ण वेगाने फिरूनही हवा जात नाही.

आकडे वाचायचे कसे?

विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये २०२० पासून ग्राफिक्स कार्डाचे तापमान दिसते. फेरे आणि वॉट पाहण्यासाठी 'जीपीयू-झेड'सारखे मोफत प्रोग्रॅम आहेत. या तीन आकड्यांच्या जोडीला चौथा आकडा आपण घ्यायचा: संगणकाजवळच्या हवेचे तापमान. तो वर्तमानपत्रातून घेऊ नये, साधा तापमापक तेथे टांगावा.

पंखा कितीही जोरात फिरला तरी कार्ड खोलीपेक्षा थंड होऊ शकत नाही. माणसाला पंख्याखाली गार वाटते ते घामाच्या बाष्पीभवनामुळे. कार्डाला घाम येत नाही. म्हणून पाहायचे ते कार्ड खोलीपेक्षा किती अंश वर आहे. ओहमच्या नियमात विभवांतराला प्रवाहाने भागून रोध काढतो, तसेच तापमानातील फरकाला वॉटने भागले की 'उष्णतारोध' मिळतो.

समजा, जानेवारीत खोली २४ अंश, कार्ड ६४ अंश आणि वीज १६० वॉट आहे. फरक ४०, उष्णतारोध ०.२५. मे महिन्यात खोली ४० आणि कार्ड ८० अंश झाले, तरी उष्णतारोध तेवढाच. कार्ड बिघडलेले नाही, ऋतू बदलला आहे. पण त्याच खोलीत कार्ड ८८ वर गेले, तर ४८ भागिले १६० म्हणजे ०.३०. आता मात्र उष्णतेची वाट कोठेतरी अडली आहे. ही तुलना करताना पंख्याचे फेरे दोन्ही वेळा सारखे ठेवावेत व तोच गेम वीस मिनिटे चालवून मग वाचन घ्यावे.

निदानासाठी चार ठोकताळे:

१. खोलीबरोबर कार्ड तापले, उष्णतारोध तोच: काळजी नको.
२. फेरे तेवढेच, पण उष्णतारोध वाढला: धूळ साचली किंवा चिपवरील उष्णतावाहक लेप वाळला.
३. टक्केवारी चढते, फेरे शून्य किंवा फारच कमी: पंखा अडकला, संगणक लगेच बंद करावा.
४. काम हलके, कार्ड ४५ अंशांवर आणि फेरे शून्य: अनेक कार्डांचे पंखे अशा वेळी मुद्दामच थांबतात. हा दोष नव्हे.

आता त्या ८२ अंशांचे उत्तर देता येते. आरटीएक्स ३०६० साठी कमाल मर्यादा ९३ अंश दिलेली आहे. मर्यादा जवळ येताच कार्ड स्वतःच कामाचा वेग कमी करते, त्यामुळे गेम अडखळू लागतो. म्हणजे ४१ अंशांच्या खोलीत ८२ असेल तर घाबरण्याचे कारण नाही. २५ अंशांच्या खोलीत तेच ८२ असेल तर संगणक उघडून पाहावा. साफ करण्यापूर्वी वीजजोडणी काढावी, पाती बोटाने धरून ठेवावीत आणि कोरड्या मऊ ब्रशने धूळ झाडावी. ओले फडके वापरू नये. कूलरचा झोतही थेट संगणकावर घेऊ नये, कारण त्यातून पाण्याचे तुषार येऊ शकतात.

दोन-तीन विद्यार्थ्यांनी महिन्यातून एकदा हे चार आकडे वहीत लिहिले, तर वर्षाअखेरीस विज्ञान प्रदर्शनासाठी त्यांच्या स्वतःच्या गावाचा आलेख तयार होईल. सुरुवातीला वर्गाला एक प्रश्न द्यावा: गेम रंगात आला असताना अचानक वीज गेली. पंखा थांबला. आता चिपचे तापमान वाढेल की उतरेल? उत्तराबरोबर कारणही मागावे.