घरचीच माणसे कान धरतात तेव्हा

शनिवारी संध्याकाळी साडेसहा ते सात हा अर्धा तास आमच्या भागातील मराठी घरांचा. जवळच्या गावी एका संस्थेचे छोटे सामुदायिक नभोवाणी केंद्र आहे. तेथील बहुतेक कार्यक्रम कन्नडमधून होतात. तीन वर्षांपूर्वी आमच्या समितीने अर्ज-विनंत्या करून आठवड्यातला हा अर्धा तास मिळवला. तेव्हापासून आम्ही चार शिक्षक, पोस्टातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आणि महाविद्यालयात शिकणाऱ्या दोन मुली मिळून तो चालवतो. मानधन नाही. एस.टी.चे भाडे ज्याचे त्याने भरायचे. या तीन वर्षांत परक्यांनी आम्हाला फारसे बोल लावले नाहीत. जे बोल बसले ते आपल्याच माणसांचे, आणि तेच अधिक झोंबले. त्याविषयी प्रांजळपणे लिहावे म्हणून हा लेखप्रपंच.

आधी थोडी पार्श्वभूमी. आमची पिढी सांगली आणि धारवाड ही दोन्ही आकाशवाणी केंद्रे ऐकत वाढली. सुई थोडी इकडे फिरवली की मराठी, थोडी तिकडे फिरवली की कन्नड. दोन्ही आपलीच वाटत. ‘आकाशवाणी’ हे नावही १९३५ साली म्हैसूरच्या एम. व्ही. गोपालस्वामी या मानसशास्त्राच्या प्राध्यापकांनी आपल्या घरी सुरू केलेल्या केंद्रापासून रूढ झाले, हे किती जणांना ठाऊक असेल? म्हणजे एका शिक्षकाने हौसेने चालवलेल्या लहानशा केंद्रातून हे नाव देशभर गेले.

पुढे कित्येक वर्षे रेडिओलहरी सरकारच्याच हाती होत्या. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या लोकांच्या मालकीच्या आहेत असा निर्वाळा दिला. २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना आणि २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांना छोटी केंद्रे काढण्याची मुभा मिळाली. २००८ मध्ये जहीराबादजवळच्या माचनूर येथे दलित स्त्रियांनी ‘संघम रेडिओ’ सुरू केला. त्यांपैकी अनेकींना शाळेचे तोंड पाहायला मिळाले नव्हते, तरी त्या आपल्या गावच्या तेलुगूत बोलू लागल्या आणि गाव ऐकू लागले. सातारा जिल्ह्यात म्हसवडलाही माणदेशी बायकांसाठी असे केंद्र उभे राहिले. या केंद्रांच्या प्रक्षेपणाची प्रभावी शक्ती साधारण शंभर वॅट. आवाज आठ-दहा किलोमीटरच्या पुढे क्वचितच जातो. स्वतःच्या बातम्या देण्यास परवानगी नाही. जाहिरातींना वेळेची मर्यादा आहे, आणि आमच्यासारख्या भागात जाहिरात देणार तरी कोण? खताचे दुकान, कापडाचे दुकान आणि एखादा मंडपवाला, संपली यादी.

या आठ-दहा किलोमीटरांतच सगळे येते. येथे ऐकणारा अनोळखी नसतो. शनिवारी आपण जे बोललो त्याचा जाब सोमवारी शाळेच्या पायरीवर द्यावा लागतो. मुंबई-पुण्याच्या निवेदकाला टीका पत्राने येते. आम्हाला ती चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत आणि शिक्षकांच्या खोलीत समोरासमोर येते.

ही टीका तीन प्रकारची असते, असे अनुभवाने आमच्या ध्यानात आले. पहिली हेतूवरची. “सात दिवसांत अर्धा तास! तुकडा टाकला आणि तुम्ही तो उचलला,” असे समितीतल्याच एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी भर बैठकीत सुनावले. दुसरी चुकांवरची. तिसरी भाषेवरची. सुरुवातीला आम्ही तिन्हींना एकाच तावात उत्तरे देत होतो, आणि तिथेच आमचे चुकत होते. हेतूवरच्या टीकेला शब्दाने उत्तर देता येत नाही, पुढच्या शनिवारी वेळेवर कार्यक्रम करणे हेच तिचे उत्तर. त्या सहकाऱ्यांशी वाद घालायचे आम्ही सोडून दिले. अर्ध्या तासाचा एक तास व्हावा यासाठी केंद्राकडे पुन्हा अर्ज केला आणि त्यावर पहिली सही त्यांचीच घेतली. तास अजून मिळालेला नाही. पण ते आता ‘तुम्ही’ न म्हणता ‘आपण’ म्हणतात.

चुकांच्या बाबतीत मात्र आम्हाला चांगलाच धडा मिळाला. एका शनिवारी शिष्यवृत्तीच्या अर्जाची अंतिम तारीख आमच्याकडून पंधराच्या जागी पंचवीस अशी वाचली गेली. आमच्या भरवशावर दोन मुले वीस तारखेला तालुक्याच्या गावी गेली आणि हात हलवत परत आली. एका मुलाचे वडील सेंट्रिंगच्या कामावर जातात. त्यांनी त्या दिवशीचा रोजगार बुडवला होता. ते शिव्या द्यायला आले असते तर बरे वाटले असते. ते नुसते म्हणाले, “गुरुजी, रेडिओवर सांगितलं म्हणून खरं मानलं.” आमच्यातल्या काहींचे मत पडले की चुपचाप राहावे, बोभाटा कशाला? आम्ही तसे केले नाही. पुढच्या शनिवारी आरंभीच चूक सांगितली, ती आमचीच होती हेही सांगितले आणि दोन्ही घरी जाऊन आलो. गेलेली शिष्यवृत्ती त्यामुळे परत आली नाही. तेव्हापासून प्रत्येक तारीख दोघांनी मूळ कागदावरून तपासायची आणि माइकवर दोनदा वाचायची असा नियम आहे.

आता भाषेची गोष्ट. आमच्या कार्यक्रमात शेजारच्या वाडीच्या एक आजी जात्यावरच्या ओव्या म्हणायला येत. वय सत्तरीच्या पुढे. बोलण्यात निम्मे शब्द सीमेवरचे, क्रियापदे आमच्या मातीतली, मध्येच एखादे वाक्य कन्नडच. बायका त्यांची वाट पाहत. अशात आमच्याच व्यवसायातल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांचे चार पानी पत्र आले. गुरुजींना आम्ही सारे मानतो, आमच्यातल्या दोघांना तर त्यांनीच व्याकरण शिकवले आहे. पत्रात तीन महिन्यांतले अशुद्ध उच्चार तारीखवार मांडले होते. शेवटी लिहिले होते की येथे मराठी शाळांचे वर्ग आधीच रिकामे होत आहेत, उरलेल्या मुलांच्या कानांवर तरी शुद्ध मराठी पडू द्या, ही खिचडी नको. त्या पत्राची चर्चा गावभर झाली आणि फिरत फिरत आजींच्या कानी गेली. दुसऱ्या शनिवारी त्या आल्या नाहीत. आम्ही घरी गेलो तर म्हणाल्या, “आमचं बोलणं असुद्ध हाय म्हणत्यात. मग आमी कशाला बोलायचं?”

या प्रश्नाने आम्हाला रात्रभर झोप लागली नाही. गुरुजींची काळजी खोटी नव्हती. परीक्षेचा पेपर, नोकरीचा अर्ज, वर्तमानपत्र यांना प्रमाण भाषा लागते, आणि ती सीमेवरच्या मुलाला आली नाही तर नुकसान त्याचेच. पण आजी गप्प झाल्या तर कोणती मराठी वाचवली म्हणायचे? ‘अण्णा’, ‘अक्का’, ‘अडकित्ता’ हे शब्द कन्नडमधूनच आपल्याकडे आले आणि घरचे झाले. पु. ल. देशपांडे यांनी बेळगावच्या रावसाहेबांना त्यांच्या कानडी हेलासकट उभे केले म्हणूनच साऱ्या महाराष्ट्राने त्यांच्यावर माया केली. पुलंनी स्वतः आकाशवाणीत नोकरी केली होती. बोलत्या भाषेची किंमत ते जाणून होते.

आम्ही गुरुजींना पत्राने उत्तर पाठवले नाही. मोबाईलवर आजींचे ध्वनिमुद्रण घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी ते दोनदा ऐकले. आजींनी येणे थांबवल्याचे त्यांना ठाऊक नव्हते. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मी तुम्हाला लिहिलं होतं. त्यांना नव्हे.” त्या दिवशी त्यांनीच तोडगा सुचवला. सूचना, तारखा आणि निवेदन प्रमाण मराठीत, तेथे निवेदकाला सूट नाही. पाहुणा मात्र आपल्या बोलीत बोलेल आणि त्याच्या बोलण्याला कात्री लावायची नाही. अवघड शब्दाचा अर्थ निवेदकाने शेवटी सांगावा. आम्ही तो ठराव करून वहीत लिहिला.

गुरुजी स्वतः आजींच्या घरी जाऊन आले. तेथे काय बोलणे झाले ते आम्ही विचारले नाही. आजी अद्याप आलेल्या नाहीत. त्यांची सून दोनदा येऊन सासूच्या ओव्या म्हणून गेली. तिला सगळ्या येत नाहीत. गुरुजींची चिठ्ठी अजूनही दर सोमवारी येते. आता ती चार पानांची नसते, पोस्टकार्डाएवढी असते, आणि तिच्यात चुकांखाली एखादी ओळ ‘हे ठीक झाले’ अशीही असते.

आमच्यासारखे काम करू पाहणाऱ्या गावांना एवढेच सांगावेसे वाटते. टीकेची एक वही ठेवा. टीका कोणाची यापेक्षा कशावरची ते आधी लिहा. चूक असेल तर ज्या माइकवरून केली त्याच माइकवरून कबूल करा. आणि टीका करणाऱ्या आमच्या बंधु-भगिनींना विनंती अशी की आमचे कान जरूर धरावेत, तो तुमचा हक्क आहे. मात्र आपला शब्द शेवटी कोणाच्या दारापर्यंत जाऊन पोचतो, याचाही विचार व्हावा. शनिवारी साडेसहाला एक खुर्ची रिकामी असते. ती आम्ही आजींसाठी ठेवली आहे. त्या येईपर्यंत तुमच्यापैकी कोणीही येऊन बसावे.