परसातला टप

मैत्रिणींनो, मे महिन्यातला वाढदिवस, सुट्टीला आलेली भाचरं, परसात पाण्याने भरलेला टप! यापेक्षा स्वस्त मजा नाही. पण नुकतंच चालू लागलेलं लेकरू दोन इंच पाण्यातही बुडू शकतं. या वयात डोकं अंगाच्या मानाने जड असतं. टपात तोंडावर पडलं की ते उचलता येत नाही. नाकातोंडात पाणी गेल्यावर आवाजही फुटत नाही, त्यामुळे बाजूला बसलेल्यांना कळतच नाही.

'सगळ्या आहोत की' म्हणतो, तेव्हा नेमकं कुणीच बघत नसतं. म्हणून केक कापताना, पुऱ्या तळताना एकीने टपाशेजारीच बसायचं, मोबाईल न घेता. उठायचं तर दुसरीला बसवून. नदीवर डबा घेऊन गेलात तरी हेच. खेळ संपला की पाणी झाडांना घाला, टप पालथा ठेवा. हौदाला झाकण आहे ना, तेही आजच बघा.